जिजाच्या तबकडीचा आवाज

एक

"काकू, जिजाचा आवाज चोरीले गेला."

सकाळी दारात उभं राहून रूपरावनं हे सांगितलं तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. शेजारी राहणारा, जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर असलेला, चांगला शहाणासुरता माणूस. जिजा म्हणजे त्याची पहिली बायको. तिला जाऊन इतकी वर्षं झाली की तिची तान्ही पोर नलू आता लग्नाला आली होती. मेलेल्या बाईचा आवाज कोण चोरणार, आणि चोरून ठेवणार तरी कुठे?

"चहा झाला का तुमचा?" मी विचारलं.

"थट्टा नोका करू काकू. जिजाच्या गाण्याची तबकडी आहे ना, तिच्यातून आवाजच येऊन नाई राह्यला. तानाबाई मामी म्हणते, तबकडी बदलली. आणि बदलली म्हणते सुलोचनानं."

सुलोचना त्याची दुसरी बायको. नलूला बोट धरून चालायला शिकवलं ते तिनं. तानाबाई म्हणजे जिजाची आई, रूपरावची सासू, राहणार तळेगाव श्यामजीपंत.

आता हे सगळं माझ्याकडे का आलं ते सांगते. माझे यजमान मधुकरराव वर्ध्याला फौजदार होते. ते गेले, पण लोकांना वाटतं फौजदारी खरजेसारखी लागट असते, नवऱ्याकडून बायकोला होते. कोणाची कोंबडी हरवली तरी चला अनुसयाबाईकडे. खरं सांगायचं तर मला चोर सापडलाच, तर बहुतेक वेळा चुकून सापडतो. आणि गाण्यातलं तर मला ओ की ठो कळत नाही. पण रूपरावचा चेहरा पाहून नाही म्हणवेना.

"मामी म्हणते," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आवाज वापस नाई आला तर थे नलूले तळेगावले नेते. लग्न तिकडून. आणि सुलोचनानं हळदीले हात नाई लावायचा. मांडवातबी नाई यायचं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

त्यानं मान खाली घातली. मी पदर खोचला आणि निघाले.

दोन

बैठकीत पाऊल टाकलं आणि माझा पहिला गोंधळ उडाला. टेबलावर एक सोडून दोन यंत्रं मांडलेली. त्यांच्यामागे नागपूरच्या दुकानाचा माणूस, बबनराव, कोट घालून उभा. चटईवर तानाबाई बसलेली, मांडीवर तबकडी. नलू खिडकीशी. सुलोचना आतल्या दाराच्या चौकटीत, अर्धी दिसेल अशी.

हकीकत अशी. तानाबाईकडे चावीचा जुना बाजा, म्हणजे ग्रामोफोन, होता. दिवाळीनंतर त्याची स्प्रिंग तुटली. नलूच्या हळदीला तिच्या आईचं गाणं वाजलं पाहिजे, हे तर घरात कधीपासून ठरलेलं. म्हणून रूपराव विजेवर चालणारा बाजा घ्यायला निघाला, आणि तिथून त्याच्या डोक्याची मंडई झाली. जो भेटेल त्याला विचारी. पोस्टमास्तर म्हणाले वजनदार घ्या, डॉक्टर म्हणाले हलकं घ्या, जावई होणाऱ्या पोरानं निरोप धाडला की चार वेगांचा घ्या. शेवटी बबनरावानं पसंतीसाठी दोन बाजे पाठवले आणि मागोमाग काल स्वतःही मुक्कामाला आला.

"देखो बाई," बबनराव मला समजावू लागला, "हा विलायती. चकती एकदम एकसारखी फिरते, हात हलका. आणि पुढं हे डोकं, यात नीलम खड्याची सुई. एक नाई, दोन. ही कळ फिरवली का जुन्या तबकडीसाठी, पलटवली का नव्या बारीक रेघांच्या तबकडीसाठी. पिन बदलायचं कामच नाई."

"आणि हा?"

"तो देशी. डोकं जड. समोर पेच आहे, त्यात पिन कसायची अन् दर गाण्याले बदलायची. खेड्यातले लोक घेतात. साहेबाले शोभणार नाई."

मला विलायतीचं झाकण आवडलं, बाकी दोन्ही सारखेच वाटले. मी म्हटलं, वाजवा. बबनरावानं विलायतीवर सिनेमाची एक तबकडी लावली. खणखणीत आवाज. मग तानाबाईच्या मांडीवरची तबकडी मागितली. तिनं ती अशी दिली की जणू बाळच हवाली करतेय.

सुई टेकली. तडतड, तडतड. कढईत मोहरी टाकावी तशी. फार कान दिला तर मागे कुठे तरी काही तरी हललं असं वाटे, पण ते वाटणंच. बबनरावानं कळ पलटवली, दुसरी सुई टेकवली. तरी तडतडच.

"आता या देशीवर लावा," मी म्हटलं.

"नाई," तानाबाई म्हणाली. "त्यात लोखंडाची पिन आहे. माह्या जिजाले लोखंड नाई लागू देणार मी."

बबनरावही कचरला. "बाईचं बरोबर आहे. ही तबकडी बाजारातली नव्हे, मऊ आहे. लोखंडी पिन हिले खरवडून काढन."

तानाबाईनं तबकडी परत मांडीवर घेतली. "पाहाचं काय आहे त्यात? हे जिजाची तबकडीच नव्हे. दिवाळीपर्यंत माह्या घरी थे साफ गात होती. मी मोटारीतून मांडीवर आणली. एक रात्र हिच्या पेटीत ठेवली, आणि सकाळी मुकी." तिनं दाराकडे पाहिलंही नाही. "सवतीचा आवाज कोणाले सहन होते?"

दारातली सुलोचना आत गेली. नलू खिडकीबाहेर पाहू लागली, हेच मला जास्त लागलं.

तीन

मी आधी तबकडी पाहायला मागितली. फौजदार नेहमी म्हणायचे, ज्याच्यावर वाद आहे ती वस्तू आधी हातात घ्या. त्यांनी स्वतः हे किती पाळलं देव जाणे.

तबकडी नेहमीच्यापेक्षा जड होती. काठाला काळा लेप थोडा उडाला होता आणि आत पांढरा पत्रा दिसत होता. मधल्या कागदावर कुंकवाचं बोट. वरचं कागदी पाकीट इतकं पारदर्शक झालेलं की माझी बोटं पलीकडून दिसत होती.

"ही तुमच्याकडे आली कशी?" मी तानाबाईला विचारलं.

तिनं सांगितलं. जिजा माहेरी आली होती, नलू पोटात होती. नागपूरचे एक प्रोफेसर बायांची जात्यावरची गाणी गोळा करत गावात आले. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं त्यांचं यंत्र, समोर बसून गायलं की तिथंच तबकडी कोरून निघायची. जिजानं दळता दळता गायलं. तानाबाईच्या हातचं जेवून प्रोफेसर खूश झाले आणि एक तबकडी तिलाच देऊन गेले. जाताना बजावून गेले, हिला लोखंडी पिन लावू नका, बाभळीचा काटा लावा.

"बाभळीचा काटा?"

"व्हय. पेचात कसायचा. टोक बोथट झालं का नवा. वावराच्या कुपाटीले काट्याची काय कमी? तवापासून काट्यावरच गाते माही जिजा." आणि लगेच आवाज बदलून, "गात होती."

मी बबनरावाला बाजूला घेतलं. "अशी दुसरी तबकडी मिळते का कुठं? पत्र्यावर लेप दिलेली?"

"दुकानात नाई मिळत बाई. ज्याच्याकडे कोरायचं यंत्र आहे त्याच्याकडेच."

मग सुलोचनानं बदलली तर बदलली कशानं? वर्ध्याच्या बाजारात अशी वस्तूच नाही. आणि ते कुंकू वर्षानुवर्षांचं, कागदात मुरलेलं. म्हणजे तबकडी तीच. हे मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं, सुटलं प्रकरण, जाऊन ज्वारी पाखडू.

तानाबाई शांतपणे म्हणाली, "मंग तीच आहे तर तिनं तिले मारलं. बदलली नाई, तर खराब केली. तुम्ही विचारा तिले, रातच्या पेटीतून काढली होती का नाई."

मी स्वयंपाकघरात गेले. सुलोचना चुलीपुढे बसली होती, तव्यावर भाकर जळत होती आणि तिला पत्ता नव्हता. मी भाकर उलटली आणि विचारलं.

"काढली होती," ती म्हणाली.

चार

माझं डोकं पार चक्रावलं. मी पाटावर बसले.

"काऊन काढली वं?"

"काकू, तुम्हाले हसू येईन." तिनं डोळे पुसले. "लग्नाच्या दिवशी लाईट गेली तर? बाजाचा काय भरोसा? पोरीच्या हळदीले आईचं गाणं नाई झालं तर तिचा जीव थोडा होईन. म्हटलं, आपल्याले पाठ असू द्यावं. लाईट गेली तर मी म्हणीन. जिजाबाईसारखं नाई येणार, पण शब्द तर तेच राहतीन."

"मग?"

"सकाळी सगळे झोपून होते. बबनराव तेवढे उठून बाजे पुसून राह्यले होते. त्यायले म्हटलं, जरा लावून देता का, हळू आवाजात. त्यायनं लावली. तेव्हाच मुकी होती काकू. मी घाबरली. तशीच पेटीत ठेवून दिली."

"मग तेव्हाच काऊन नाई सांगितलं?"

"मले कोण खरं मानलं असतं?"

मला तिचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसानं इतकं गप्प राहू नये, त्यानं खोट्याचं फावतं. पण राग येऊन काय करता, तिचं म्हणणं बरोबरच होतं.

बबनरावाला अंगणात गाठलं. तो आधी नाहीच म्हणाला. मी फौजदारांचे मोठे डोळे केले. तेवढं एक मला त्यांच्याकडून आलंय.

"लावली होती बाई," तो कोटाची गुंडी पिळत म्हणाला. "बोललो नाई, कारण मले वाटलं, माझ्याच सुईनं खराब झाली म्हणतीन अन् भरपाई दुकानाच्या अंगावर येईन. पण माझ्या सुईनं नाई झाली. उलटं तिनंच माझी सुई खराब केली. हे पाहा."

त्यानं खिशातून रुमाल काढला. त्यावर पिवळसर, चिवट असा कण होता, वाळलेल्या डिंकासारखा. "दर वेळी वाजवली का सुईले हे चिकटते. कोणी तरी तबकडीले काही तरी फासलं आहे."

मी तो कण नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. अगदी घरातला. पण कशाचा ते काही केल्या आठवेना, आणि वय झालं की हे असंच होतं.

एक मात्र कळलं. तबकडी आपोआप मुकी झाली नव्हती. कोणी तरी हातानं केली होती, आणि त्या रात्री ती ज्या पेटीत होती त्या पेटीची किल्ली सुलोचनाच्या कमरेला होती.

पाच

दुपारी जेवणं झाली, म्हणजे माणसं ताटावर बसून उठली. रूपराव मला म्हणाला, "काकू, मामीले तळेगावची मोटार पाहून देतो. नलूले घेऊन जाऊ द्या. लग्न पार पडू द्या, मंग पाहू."

"आणि सुलोचना?"

"तिले समजावीन मी."

"काय समजावाल? की जी पोर वाढवली तिच्या हळदीला तू चोरासारखी घरात बस?"

त्याला माझं बोलणं झोंबलं. झोंबावं म्हणूनच बोलले होते. संध्याकाळच्या मोटारीपर्यंत मला मुदत दे, इतकंच मी मागितलं, आणि मनात म्हटलं, अनुसये, मुदत घेऊन करणार काय आहेस तू?

मागच्या अंगणात तानाबाई बसली होती. नलूच्या हळदीसाठी सुताराकडून नवा पाट आला होता. म्हातारी त्याला चिंधीनं तेल चोळत होती. गोल गोल, हळूहळू, कडेपासून मध्यापर्यंत. रागानं धुमसणारी बाई, पण हात मात्र मऊ.

"तुह्या मायच्या लग्नातल्या पाटालेबी मीच चोळलं होतं," ती नलूला सांगत होती. "जवसाचं तेल पाजलं का लाकूड माणसापेक्षा जास्त जगते. वाळलं का वरून काचेसारखं होते, पाणी नाई शिरत."

आणि मला वास आला. जवस. रुमालावरच्या कणाचा वास. पारदर्शक झालेलं पाकीटही तेलानंच झालं होतं, आणि ते एका रात्रीत तसं होत नाही. सुलोचनाच्या घरात तर जवसाचं तेल नव्हतंच. तिच्या चुलीपाशी शेंगदाण्याचं तेल आणि वनस्पती तुपाचा डबा, मी सकाळीच पाहिला होता. तेलाची बाटली आली होती तळेगावहून, तानाबाईच्या गाठोड्यात.

मी पायरीवरच बसले. जिचा आवाज गेला म्हणून ही रडते, तिच्या तबकडीला तेल हिनंच लावलं होतं. पण मग डोकं आणखीच फिरलं. हिनं वर्षानुवर्षं तेल लावलं, तर दिवाळीपर्यंत हिला गाणं साफ ऐकू कसं येत होतं? म्हातारी खोटं बोलते म्हणावं, तर कशासाठी? आणि खरं बोलते म्हणावं, तर जे तेल तळेगावला आवाज मारत नाही ते वर्ध्याला कसं मारतं?

मला काही सुचेना. घरात दम कोंडला म्हणून मी फाटक उघडून रस्त्यावर येऊन उभी राहिले.

सहा

आमच्यापुढचा रस्ता त्या वेळी कच्चा होता. काळी माती, तीत लोखंडी धावेच्या गाड्यांनी पाडलेल्या खोल, अरुंद चाकोऱ्या. वरून वाळल्या होत्या, तळाशी मात्र चिखल तसाच.

बाजारातून कापसाची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, आली. नव्या पद्धतीची, रबरी चाकाची. ते रुंद चाक चाकोरीत उतरलंच नाही. दोन्ही काठांवर टेकून चाकोरीवरून सरळ निघून गेलं, तळाच्या चिखलाचा त्याला स्पर्शही झाला नाही. तिच्यामागून पोस्टमन आला सायकलवर. सायकलचं चाक बारीक. ते चाकोरीत गेलं, तळाला पोचलं आणि चिखलात रुतलं. पोस्टमन उतरला, चाक उपसलं, मला नमस्कार केला आणि रस्त्याला शिव्या दिल्या.

मी त्याला पाहतच राहिले. तो बिचारा ओशाळला.

मी घरात गेले ते थेट तानाबाईपुढे. "बाई, बाभळीचे काटे आणले का सोबत?"

"आणले ना." तिनं कनवटीची डबी काढली. "बाजा कसाबी असो, काटे आपले असावे म्हणून आणले. पण हा बबनराव म्हणते त्याच्या बाजाले काटा लागतच नाई."

"सगळ्यांना बैठकीत बोलवा," मी म्हटलं. "सुलोचनेलाही. ती दारात नाही, आत बसेल."

तानाबाई काही बोलणार होती. मी तिच्याकडे पुन्हा ते मोठे डोळे करून पाहिलं.

सात

सगळे बसले. माझं म्हणणं खरं आहे याची मला अजिबात खात्री नव्हती. मोटारीची वेळ होत आली होती. तानाबाईचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं, त्यावर नलूची पिशवी.

"मला यंत्रातलं कळत नाही," मी सुरुवात केली. "पण तबकडीवरची रेघ म्हणजे चाकोरी, इतकं कळतं. बबनराव, बाभळीचा काटा जाड का तुमची नीलमाची सुई?"

"काटा जाड. सुई तर लई बारीक."

"म्हणजे काटा रबरी बंडीसारखा चाकोरीच्या काठावरून जातो, आणि तुमची सुई पोस्टमनच्या सायकलसारखी तळाला. तळाशी काही वाळून बसलं असेल, तर बंडीला कळणार नाही. सायकल रुतेल. तळेगावात हिला बंडी मिळत होती, म्हणून गात होती. वर्ध्यात सायकल मिळाली."

"तळाशी काय बसलं?" रूपरावनं विचारलं.

मी ते सांगितलं नाही. जाणूनबुजून. म्हटलं, आधी गाणं ऐकू, मग पाहू.

देशी बाजाच्या जड डोक्यावर तानाबाईचा अजून भरोसा नव्हता, म्हणून बबनरावाकडून एक जाडसर कागद घेतला, त्याचा पुड्यासारखा शंकू केला. टोकात बाभळीचा काटा अडकवला. यजमान त्यांच्या लहानपणी असलं काही करायचे हे त्यांच्याकडून ऐकलं होतं, मी स्वतः कधी केलं नव्हतं. बबनरावाला म्हटलं, तुमच्या विलायतीची चकती नुसती फिरवा, तिच्या डोक्याला हात लावू नका. तबकडी फिरू लागली. मी शंकू दोन बोटांत धरला आणि काट्याचं टोक रेघेवर अलगद टेकवलं.

आधी घरघर आली. ती जात्याची होती. मग कागदाच्या त्या पुड्यातून, इतका बारीक की सगळ्यांना वाकावं लागलं, बाईचा आवाज आला.

*तळेगावच्या वाटंनं गेली कापसाची बंडी,*
*माय उभी असन दारी, तिले वाजू नये थंडी.*

नलू खिडकीतून उठून टेबलाशी आली आणि कान पुड्याला लावला. तिनं हा आवाज आजोळी ऐकला होता, पण आज तिनं तो परत मिळालेला ऐकला. रूपराव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुलोचनाचे ओठ हलत होते. ती शब्द पाठ करत होती, अशा वेळीसुद्धा.

गाणं संपलं. मी काटा उचलणार, तेवढ्यात जातं थांबल्याचा आवाज आला आणि जिजा साधं बोलली, गाताना बोलत नाहीत तसं, आपल्या घरच्या आवाजात.

"झालं ना वं माय? आता डोक्याले तेल लावून दे, डोकं दुखून राह्यलं."

तिथं तबकडी संपत होती.

मी तानाबाईकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती, कारण तीच बोलू लागली, आणि तिचा आवाज फाटला होता.

"प्रोफेसरचं यंत्र बंद झालं अन् पाव्हण्यायचा सैपाक राह्यला होता. म्या म्हटलं, मंग लावतो. मंग राह्यलंच. तिकडंच बाळंत झाली, तापानं गेली. डोकं धुवाचंबी राह्यलं तिचं." तिनं तेलकट हातांकडे पाहिलं. "हे तबकडी लावली का दर वेळी थे मांगे. दर वेळी. म्या कशी नाई लावू? पोळ्याले, दिवाळीले, तिच्या दिवशी, म्या चिंधीनं लावून देत जाओ. हळूहळू, केसाले लावते तसं."

बबनरावाला तेव्हा कुठे उजेड पडला. "जवसाचं तेल? अरे बाप्पा, ते तर रेघेत वाळून..." मी त्याचा कोट मागून ओढला. तो थांबला.

पण तानाबाई समजून चुकली होती. तिनं तबकडीकडे पाहिलं, मग सुलोचनाकडे. "म्हणजे तिचं तोंड म्याच बंद केलं," ती म्हणाली. "अन् नाव हिचं घेतलं."

सुलोचना उठली. मला वाटलं, आता ही बोलेल, दिवसभराचं सगळं काढेल. माझ्या मते तिला तो हक्क होता. ती तानाबाईपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "मामी, तेलानंच तर लेप टिकला असन. इतकी वर्षं गायली ना थे."

हे खरं आहे का खोटं, मला आजही माहीत नाही. बबनरावानंही खुलासा केला नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

तळेगावची मोटार त्या संध्याकाळी तानाबाईशिवाय गेली. रूपरावनं बायकोला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण दारातलं गाठोडं त्यानं स्वतः उचलून आत नेलं. बाजा घेताना मात्र त्याचा पुन्हा गोंधळ झालाच. विलायतीचं झाकण, हलका हात, चार वेग, जावयाची आवड. शेवटी नलूच म्हणाली, "बाबा, ज्याच्यात काटा बसते तो." बबनरावानं मोठ्या दुःखानं देशी बाजा ठेवला आणि विलायती पेटीत बंद करून नागपूरला नेला.

हळदीच्या दिवशी लाईट गेली नाही. देशी बाजाच्या पेचात बाभळीचा काटा कसला होता, आणि जिजाचा आवाज आता साऱ्या अंगणाला पुरेल इतका मोठा येत होता. नलू तेल पाजलेल्या पाटावर बसली होती. पहिली हळद सुलोचनानं लावली. गाणं म्हणता म्हणता बायका थांबल्या, कारण शेवटी जिजा बोलली.

"आता डोक्याले तेल लावून दे, डोकं दुखून राह्यलं."

तानाबाईचा हात सवयीनं तेलाच्या वाटीकडे गेला. मी पाहत होते. वाटी उचलली, बाजाकडे एक पाऊल टाकलं आणि ती थांबली. क्षणभर तिला कुठे जावं ते कळलं नाही. मग ती वळली आणि सुलोचनाच्या मागे येऊन बसली.

"पदर घे खाली," ती म्हणाली. "लगीनघाईत चार दिवसांपासून तुह्याबी डोक्याले तेल नाई."

सुलोचनानं डोक्यावरचा पदर खाली घेतला. तानाबाईनं वाटीतलं तेल तळहातावर घेतलं आणि तिच्या भांगावर घातलं.